समुद्री टाकी : पाणी नेमकं किती दिवसांनी बदलायचं? (मुक्काम रत्नागिरी)

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. तीन फुटी समुद्री टाकी आहे, खालचा संप (फिल्टर-पंपाची जोडटाकी) धरून पाणी साधारण २०० लिटर. दिवाळीच्या सुमारास सुरू केली. दोन क्लाउनफिश, एक गोबी, सफाईला गोगलगायी आणि शंखातले खेकडे. कोरल सगळे मऊ जातीचे : झोआ, मशरूम, एक लेदर. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आहे, पण लहान.

दर दुसऱ्या रविवारी ४० लिटर बदलतो, म्हणजे २०%. पाणी घरच्या आरओचं, मीठ तयार बादलीतलं. बदलायच्या आधी नायट्रेट ४०, बदलल्यावर तीस-बत्तीस, आणि पुढच्या पाळीला परत ४०. महिनोन्‌महिने हाच खेळ.

दुकानदार म्हणतो दर आठवड्याला बदला (त्याला मीठ खपवायचंय हेही खरं). यूट्यूबवर एकजण म्हणतो, मी बदलतच नाही. आणि घरचे म्हणतात, दारात अख्खा अरबी समुद्र असताना मीठ कसलं विकत आणतोस! भाट्याची पुळण घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे मलाही हे अधूनमधून पटतं.

तर : किती दिवसांनी, किती टक्के, आणि समुद्राचं आणलं तर चालेल का? पाऊस तोंडावर आलाय, त्याआधी काहीतरी ठरवायचंय.

पापलेटप्रेमी
गोबी म्हणजे आमच्या निवट्यांचा भाऊबंद ना? रस्सा फक्कड होतो. बाकी चालू द्या, वाचतोय.

समुद्रफळ
खाडीकाठ, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

४० मधून २०% काढलं की उरतात ३२. दोन आठवड्यांत परत ४०. म्हणजे तुमच्या टाकीत आठवड्याला ४ पीपीएम (लिटरमागे ४ मिलिग्रॅम) नायट्रेट तयार होतंय. खाणं पडतं, मासे घाण करतात, त्यातून अमोनिया, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. पुढे ते जाणार कुठे? साचतं. हे ४ जोवर ४ आहेत तोवर तारखा कशाही फिरवा, वरचा आकडा हलणार नाही. हिशोब करून बघा.

दर आठवड्याला १०% बदललं तर भर ४ ची. तोल तिथेच बसतो जिथे १०% म्हणजे बरोबर ४, म्हणजे ४० वर. पंधरवड्याला २०% बदललं तर भर ८ ची, आणि २०% म्हणजे ८ कधी? ४० असताना. महिन्याने ४०% एकदम काढलं तर भर १६ ची, पुन्हा तेच ४०. फरक फक्त झोक्यात आहे. आठवडी बदलात टाकी ३६ ते ४० मध्ये राहते, पंधरवड्याच्या बदलात ३२ ते ४०, मासिक बदलात २४ ते ४०. मीठ तिन्हींत सारखंच जातं, चार आठवड्यांत ८० लिटरचं. म्हणजे दुकानदाराचं ऐकून आठवड्यावर आलात आणि तेवढंच पाणी विभागून बदललंत, तर त्याचा फायदा शून्य आणि नायट्रेटमध्ये तुमचाही शून्य.

पिंपात नळ चालू आहे आणि तुम्ही खालून तांब्याने उपसताय. उपसायची वेळ बदलून पातळी बदलत नाही, एक तर नळ बारीक करा नाहीतर मोठं भांडं घ्या.

मोठं भांडं म्हणजे काय तेही सांगतो. एकाच बदलात ४० चे १० करायचे तर ७५% पाणी काढावं लागेल. ते करू नका, कोरल मिटून बसतील. २५% चे तीन बदल चार-पाच दिवसांच्या अंतराने केलेत तर ३०, मग साडेबावीस, मग सतरा (मधल्या दिवसांची भर धरून वीसएक म्हणा). पण नळ तसाच ठेवलात तर गणपतीपर्यंत पुन्हा चाळिशीच्या रस्त्याला लागाल.

नळ कसा बारीक करायचा : खाणं मोजून घाला. गोठवलेलं खाणं थेट टाकत असाल तर आधी गाळणीत विरघळू द्या आणि ते पाणी ओतून द्या. मोज्यासारखी फिल्टरची पिशवी असेल तर ती दर तीन-चार दिवसांनी धुवा. आठवडाभर टांगून ठेवलेल्या पिशवीत अडकलेलं सगळं तिथेच कुजतं, पाण्यातून काहीच बाहेर गेलेलं नसतं. स्किमर २०० लिटरला पुरेल असा घ्या. आणि संपमध्ये जागा असेल तर केटो शेवाळ लावून रात्री दिवा द्या. ते वाढतं, तुम्ही मूठभर काढून फेकता, त्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही बाहेर.

हे झाल्यावर मग माझं मत आठवड्याला १०% असंच आहे. २० लिटर एक माणूस न वाकता उचलतो, खारटपणा नि तापमानात थोडं इकडेतिकडे झालं तरी जाणवत नाही, आणि टाळायला निमित्त सापडत नाही. पंधरवड्याची ४० लिटरची पाळी पाहुणे आले की महिन्यावर जाते, हे सगळ्यांच्याच घरी होतं.

नवा_मासा
माझी टाकी अजून लहान आहे, ६० लिटर. रोज पाणी कमी होतं ते मी मिठाच्याच पाण्याने भरतो. म्हणजे माझं रोजच बदलून होतंय ना? वेगळं करायची गरज आहे का?

समुद्रफळ
नवा_मासा, हे आजच थांबवा. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. खाडीकाठांच्या २०० लिटरमधून मे महिन्यात पंखा लावून रोज ३ लिटर उडालं असं धरा. आठवड्याला २१ लिटर. ते ३५ पीपीटीच्या (लिटरमागे अंदाजे ३५ ग्रॅम मीठ) पाण्याने भरलं तर सातशे-साडेसातशे ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं, खारटपणा ३५ चा एका आठवड्यात साडेअडतीसच्या पुढे. तुमच्या ६० लिटरमध्ये तर आणखी झपाट्याने.

रोजची भर गोड्या आरओ पाण्याने. काचेवर पातळीची रेघ मारून ठेवा आणि तिथपर्यंत भरा. बदल वेगळा : खारं काढायचं, तेवढंच, तितकंच खारट परत घालायचं.

घाटमाथा
पुण्याहून लिहितोय. मी ते यूट्यूबवालं करतो, म्हणजे पाणी बदलत नाही. वर्ष उलटून गेलं. कॅल्शियम, अल्कलिनिटी, मॅग्नेशियम पंपाने रोज जातं, मोठं रिफ्युजियम (शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) आहे, तीन महिन्यांनी पाण्याचा नमुना आयसीपी तपासणीला (प्रयोगशाळेत मूलद्रव्यं मोजतात ती) पाठवतो आणि जे कमी दिसेल तेवढं घालतो. नायट्रेट ५. समुद्रफळ यांचंच गणित पुढे नेलं तर पाणी बदलणं हा साचलेलं काढायचा सगळ्यात महागडा मार्ग ठरतो. मग तो धरून का बसायचं? शिवाय प्रत्येक बदलात नवं मीठ, नवी अल्कलिनिटी, नवा धक्का.

समुद्रफळ
घाटमाथा, तुमची पद्धत खोटी नाही. पण तुम्ही पाणी बदलायचं सोडून त्या जागी चार कामं घेतलीत. डोसिंग पंप, रिफ्युजियम, बाहेरची तपासणी आणि ती वाचून निर्णय घेणं. ज्याच्याकडे ही चार आहेत त्याने बदल बंद करावा की नाही यावर वाद घालू. ज्याच्याकडे एक लहान स्किमर आहे त्याला 'बदलायची गरज नाही' म्हणणं हा अर्धवट सल्ला.

आणखी एक. आयसीपीत धातू आणि मूलद्रव्यं दिसतात. लेदर कोरल पाण्यात जी रसायनं सोडतो, शेजाऱ्याची वाढ खुंटवायला, ती त्यात दिसत नाहीत. खाडीकाठांकडे झोआच्या शेजारी लेदर आहे. त्यांनी कार्बन (अशी रसायनं शोषणारा कोळसा) वापरावा आणि थोडं पाणीही बदलावं.

घाटमाथा
कार्बन मीही वापरतो. लेदरचा मुद्दा मान्य. धक्क्याचा मुद्दा मात्र तुम्ही बाजूला ठेवलात.

समुद्रफळ
१०% मध्ये धक्का किती? नवं पाणी चुकून ३० पीपीटीचं झालं आणि टाकी ३५ ची असली तरी मिसळून साडेचौतीस. नव्या मिठाची अल्कलिनिटी ११ डीकेएच (अल्कलिनिटीचं माप) आणि टाकीची ७ असली तरी वाढ ०.४ ची. ५०% बदलणाऱ्याला धक्का बसतो, हे मी नाकारत नाही. पण हाच ०.४ उलट बाजूनेही बघा : ज्यांच्याकडे वेगाने वाढणारे कठीण कोरल आहेत आणि रोज अर्धा-एक डीकेएच खर्च होतो, त्यांची भूक आठवडी १०% ने भागत नाही. त्यांना डोसिंग हवंच. मऊ कोरलवाल्यांचं नुसत्या बदलावर निभतं.

वेंगुर्लेकर
माका एक इचारूचा आसा. आमच्या शिरोड्याक मिठागरां आसत. थंयचा मीठ घेतला तर चलात काय? समुद्राचाच मीठ मां ता? बादलीतला मीठ हजारांनी घेवचा आणि दारातला सोडूचा, ह्या काय माका पटणा नाय.

निवळशंख
वेंगुर्लेकर, तुमका पटूचा नाय, पण चलाचा नाय. :) पुढचं प्रमाण मराठीत लिहिते, सगळ्यांना कळू दे.

समुद्राचं पाणी आटवलं की त्यातलं सगळं एकदम खाली बसत नाही. आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मिठागरात पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत नेतात तेव्हा हे दोन्ही आधीच्या कोंड्यांत राहून जातात. शेवटच्या आगरात जे स्फटिक धरतात ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात असतं, आणि ते पाणी सोडून देतात. म्हणजे मीठ 'समुद्राचंच' असलं तरी कोरलला जे हवं, साधारण ४२० पीपीएम कॅल्शियम, १३०० च्या आसपास मॅग्नेशियम, ७-८ डीकेएच अल्कलिनिटी, त्यातलं जवळपास सगळं वाटेत गळालेलं असतं. शिरोड्याच्या मिठाने १९३० साली सत्याग्रह झाला, पण टाकी नाही चालायची. घरातल्या आयोडीनयुक्त मिठाचं तर नावच नको, गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात आणखी काही मिसळलेलं असतं.

मी काही वर्षं कोळंबीच्या बीज केंद्रात पाण्याचं काम केलंय, त्यामुळे समुद्राच्या पाण्याबद्दलही लिहिते. खाडीकाठ, भाट्याचं पाणी आणू नका. घर जवळ आहे म्हणून पाणी चांगलं होत नाही. तिथे काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खारटपणा पंचविशीच्या खाली गेलेला मी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) पाहिलाय, आणि ओहोटीत भरतीत तो वेगवेगळा. वर गाळ, गावाचं सांडपाणी, पहिल्या पावसात बागांतून धुऊन येणारं काय काय.

बंदराच्या, जेटीच्या जवळचं पाणीही नको. डिझेलचा तवंग डोळ्यांना दिसतो, पण होड्यांच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग देतात त्यात बहुधा तांबं असतं, ते दिसत नाही. मासे थोडंफार तांबं सोसतात. कोरल, गोगलगायी, खेकडे, कोळंबी नाही सोसत. आणि खडकांत, वाळूत एकदा शिरलं की निघता निघत नाही.

तांडेलवाडी
हर्णैचा आहे, घरची बोट होती. ताई बोलल्या ते बरोबर, पण समुद्राचं पाणी सरसकट वाईट म्हणू नका. कधी नि कुठून भरता त्यावर आहे.

उधाणाला पाणी भरू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे ओढ जोरात असते, तळ ढवळतो, पाणी गढूळ. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, पाणी संथ आणि निवळ असतं. त्यातही भरती पूर्ण भरत आली की भरायचं, तेव्हा बाहेरचं पाणी आत आलेलं असतं. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर येतं. किनाऱ्यावरून बादली बुडवून नाही, बोटीने आठ-दहा वाव (पन्नास-साठ फूट) पाण्यात जाऊन. ओळखीच्या बोटवाल्याला कॅन दिलेत तर परतताना बाहेरच भरून आणील, पण कॅन डिझेलचा नको हे त्याला बजावून सांगा, नाहीतर हातात येईल तो भरेल.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बाहेरचं पाणी आणायला कोणी नाही. आणि बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या काय शांत नसतो. माझ्या मते दसऱ्यानंतर ते मेच्या मध्यापर्यंत आणा, मधे बादलीतलं मीठ.

आणि हिवाळ्यात कधी रात्री लाटा निळ्या चमकतात, पर्यटक व्हिडिओ काढतात, त्या दिवसांत तर नकोच नको.

निवळशंख
तांडेलवाडी, भांगाचा मुद्दा अगदी बरोबर. आम्हीही पंप त्याच हिशोबाने चालवायचो. निळ्या लाटांचं कारण : चमकतो तो नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव. त्याच्या पेशीत अमोनिया भरपूर असतो, तो मरून फुटला की सगळा पाण्यात. टाकीत तेच पाणी गेलं तर काय होईल ते सांगायला नको.

चांगलं पाणी मिळालं तरी थेट ओतायचं नाही. दिवसभर स्थिर ठेवून गाळ बसू द्या, वरचं बारीक पिशवीतून गाळून घ्या. बीज केंद्रात त्यापुढे क्लोरीन देतात, साधारण १० ते २० पीपीएम, मग जोरात हवा, मग सोडियम थायोसल्फेटने उरलेला क्लोरीन मारायचा आणि किटने शून्य आल्याची खात्री करायची. घरी एवढं झेपत नसेल तर झाकण लावून अंधारात काही आठवडे ठेवा. प्लवंग मरतात, तळाशी बसतात, वरचं पाणी घ्या. वापरण्याआधी हवा सोडा आणि अमोनिया, नायट्रेट, खारटपणा तिन्ही मोजा. मोजल्याशिवाय समुद्राचं पाणी 'नैसर्गिक' म्हणून विश्वासाने ओतणाऱ्यांच्या टाक्या मी पाहिल्या आहेत.

एवढा खटाटोप करून महिन्याला ८० लिटर मिळणार. वेळेची किंमत धरली तर बादलीतलं मीठ फार महाग नाही पडत. ज्यांच्या हजार लिटरच्या टाक्या आहेत त्यांचा हिशोब वेगळा.

पापलेटप्रेमी
मग आंग्रिया बँकेवरून आणा! विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर, तिथलं पाणी म्हणे काचेसारखं. येताना सुरमई पण.

नवा_मासा
पाण्याचं कळलं. मालवणला ओहोटीला खडकांवर प्रवाळ दिसतात असं ऐकलंय. पुढच्या महिन्यात जाणार आहे. एखादा छोटा तुकडा आणला तर? विकत घेण्यापेक्षा इथल्या पाण्याला सरावलेला असेल.

निवळशंख
अजिबात नाही. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही. मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. मालवणचा तो पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक त्यातच येतात. ओहोटीला त्यांच्यावरून चालूही नका, पाय पडला की वर्षांची वाढ मोडते.

कायदा बाजूला ठेवला तरी तो तुकडा टाकीत कशासाठी हवाय? मालवणचे प्रवाळ गाळाच्या पाण्यात, पावसाळी गोड्या थराखाली तग धरणारे आहेत म्हणून जगले. तुमच्या ६० लिटरमध्ये महिनाभरात पांढरे पडतील.

वेंगुर्लेकर
ताईंका +१. आमच्याकडे पर्यटक पिशये भरून दगड न्हेतत, मगे आमका बोलणी.

नवा_मासा
नाही आणणार. विचारलं ते बरं झालं.

समुद्रफळ
गाडी परत रुळावर. खाडीकाठ, आरओ म्हणालात, ते घरचं पिण्याचं आहे ना? त्यातून बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती? पिण्याच्या मशीनला चव यावी म्हणून टीडीएस वाढवायचा कॉक असतो, तो उघडा असेल तर ५०-६० दाखवेल. शिवाय पाणी नळाचं की विहिरीचं?

खाडीकाठ
विहिरीचं. टीडीएस आत्ता मोजला, ७० आला! पावसात विहिरीचं पाणी चांगलं असतं, पण मेमध्ये तळाला गेलं की मचूळ लागतं.

समुद्रफळ
झालं. समुद्र जवळ असलेल्या विहिरीत उन्हाळ्यात खारं पाणी आत ओढलं जातं, पडद्यावर ताण येतो. वर जांभ्यातलं लोह. तो कॉक बंद करा आणि आरओच्या पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणारं) एक नळकांडं जोडा, रंग बदलणारं. शून्य दिसलं पाहिजे. तुमच्या रोजच्या भरीच्या पाण्यातूनही नायट्रेट-फॉस्फेट येत असेल, आणि भर तर जवळपास बदलाएवढी होते : उन्हाळ्यात रोजचे दोन-तीन लिटर म्हणजे महिन्याला ६० ते ९०. ते पाणी नायट्रेट किटने एकदा तपासा.

निवळशंख
मीठ कालवण्याबद्दल दोन शब्द, कारण इथेही बरेच जण घाई करतात. आधी पाणी, मग मीठ, हळूहळू, पंप चालू ठेवून. मिठावर पाणी ओतलंत तर बादलीच्या तळाशी इतकं दाट होतं की कॅल्शियम कार्बोनेट बसून पांढरा थर धरतो, आणि तो परत विरघळत नाही. २० लिटरला अंदाजे पाऊण किलो. नेमकं डब्यावर लिहिलेलं असतं तसं, शेवटी रिफ्रॅक्टोमीटर म्हणेल ते खरं. तो ३५ च्या प्रमाण द्रावणाने जुळवा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य आणलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकू शकतो. रात्री कालवून सकाळी वापरा.

बदलताना रिटर्न पंप (संपमधून पाणी वर चढवणारा) आणि हीटर बंद. हीटर उघडा पडला आणि चालू राहिला तर काच तडकते. कोरल पाच-दहा मिनिटं उघडे राहिले तर घाबरू नका, ओहोटीला ते राहतातच. पाणी नुसतं वरून काढू नका, नळीने दगडांच्या फटींतला, वाळूवरचा कचरा ओढून घ्या. २० लिटरमध्ये पाणी किती गेलं यापेक्षा त्याबरोबर कचरा किती गेला याला मी जास्त महत्त्व देते. आणि जिवाणू मरतील म्हणून भिऊ नका. ते दगडांवर, वाळूत असतात, पाण्यात नगण्य.

पापलेटप्रेमी
एक गंभीर प्रश्न (खरंच). कॅल्शियमसाठी पानाचा चुना चालेल का? डबीच आहे घरात.

निवळशंख
प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही. परदेशी लोक ज्याला काल्कवासर म्हणतात ती चुन्याची निवळीच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पण डबीतला चुना कशापासून भाजला, त्यात काय मिसळलं, हे कळत नाही, आणि उघडा राहिलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनेट होऊन निकामी होतो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम गेली तर टाकी साफ. शुद्ध पावडर घ्या, निवळलेलं वरचं तेवढं, थेंबाथेंबाने, रात्री. खाडीकाठांना याची गरजच नाही, मऊ कोरलला बदलातून मिळतं तेवढं पुरे.

खाडीकाठ
धागा वर काढतोय, गणपती आटोपले.

मेअखेर २५% चे तीन बदल केले, मग दर आठवड्याला १०%, बादलीतल्या मिठाने. डीआय जोडलं, टीडीएस शून्य. स्किमर मोठा घेतला. संपमध्ये केटो लावलं, ते आता उशीएवढं झालंय. खाणं गाळून घालतोय. आई येताजाता चिमूटभर टाकायची ते बंद करायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आता सकाळचं खाणं तिच्याकडे, एका लहान चमच्याने, बाकी कुणी हात लावायचा नाही.

नायट्रेट १५ वर आलं आणि तिथेच थांबलंय. समुद्रफळ यांच्या हिशोबाने म्हणजे आठवड्याची भर ४ ची दीडवर आली. लेदर आधीपेक्षा जास्त उमलतो. फॉस्फेट ०.०८.

पावसाळ्यात एक नवीन गोष्ट दिसली. पाणी फारच कमी उडतं, रोज लिटरभरसुद्धा नाही. आणि मिठाची बादली उघडली तर अर्ध्या भागात दगड झालेत. फेकू का वापरू?

समुद्रफळ
१५ वर राहू दे, शून्याच्या मागे लागू नका. मऊ कोरल त्यात खूश असतात. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही तळाला गेले की डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर येतो, तो घालवणं या सगळ्यापेक्षा अवघड. केटो वाढतच राहिलं आणि आकडा ५ च्या खाली जायला लागला तर दिव्याचे तास कमी करा किंवा एखादा मासा वाढवा.

घाटमाथा
आणि १५ वर महिनाभर स्थिर राहिलं तर बदल पंधरवड्यावर नेऊन बघा. :)

समुद्रफळ
बघा की. पण तेव्हा २०%, १०% नाही. १०% च ठेवलंत तर तीसवर जाऊन थांबेल.

निवळशंख
मिठाबद्दल : दमट हवेत मीठ पाणी ओढतं आणि त्या ओलाव्यातच कॅल्शियम नि बायकार्बोनेट एकमेकांना भिडतात. दगड फोडून थोडं कालवा आणि अल्कलिनिटी मोजा. डब्यावर लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास असेल आणि पाणी निवळ असेल तर वापरा. दोन-तीन डीकेएच कमी दिसली किंवा तळाला पांढरं राहिलं तर त्या भागाचा नाद सोडा. पुढच्या वेळी बादली उघडल्या दिवशीच दोन-दोन किलोच्या घट्ट पिशव्या करा, प्रत्येकीत हवा काढून गाठ, आणि कालवण्याआधी पिशवी हलवून घ्या. वाहतुकीत जड दाणे खाली बसतात, पिशवीपिशवीत फरक पडतो. कोकणात जून ते सप्टेंबर उघडी बादली ठेवायची नाही, झाकणाला रबर असलं तरी.

वेंगुर्लेकर
आमच्या मिठागरवाल्यांकय पावसात ह्योच त्रास.

खाडीकाठ
मोजली. वरच्या सुट्या मिठाची ८.५, दगडांची ५. डब्यावर ८ ते ९ लिहिलंय. दगड बाजूला काढले.